मानाच्या खोलीतलं पाणी

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आमच्या हॉस्पिटलातल्या एका रिकाम्या स्पेशल रूमच्या बाथरूममध्ये उकिडव्या बसून चादरी धूत होत्या. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, तोंडावर मास्क, खिडकी सताड उघडी, दोन्ही नळ धो धो सोडलेले. शॉवरच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधून तिचं टोक बादलीत सोडलेलं होतं. मला वाटलं, पेशंटबरोबर आलेली कुणी नातेवाईक असेल. फुकटचं पाणी दिसलं की घरची धुणी काढणारी माणसं मी रोज बघते. म्हणून दारातूनच आवाज चढवला, "ओ मावशी, हे हॉस्पिटल आहे की धोबीघाट? कुणी सोडलं तुम्हाला आत?"

त्यांनी मान वर न करता विचारलं, "ही खोली कधीपासून रिकामी आहे?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला जे करायचंय ते मी करतेच आहे. तू सांग."

तेवढ्यात मेट्रन धावत आल्या आणि मला बाजूला ओढून म्हणाल्या, की या नव्या डॉक्टर. एम. डी. आहेत, जंतूंच्या तज्ज्ञ, पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलातून निवृत्त होऊन आपल्याकडे आल्यात. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. बाईंनी मात्र पिळायच्या चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "तिकडून फिरव. जोर लाव जरा, नर्स आहेस ना?"

तर ही आमची ओळख. नाव मी लिहीत नाही. तसंही नावानं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. तोंडावर सगळे मॅडम म्हणायचे आणि पाठ वळली की नळवाली.

धुण्यामागचं कारण त्यांनी मला दुसऱ्या दिवशी चहा पिताना सांगितलं. खोली बंद राहिली की तिच्या पाइपातलं पाणी जागच्या जागी उभं राहतं. उभ्या पाण्यात पाइपाला आतून बुळबुळीत थर धरतो आणि त्या थरात जंतू घर करतात. त्यातला सगळ्यात वाईट लेजिओनेला. तो पोटातून जात नाही. शॉवरचे बारीक तुषार उडतात ना, त्यांच्याबरोबर नाकातून थेट छातीत उतरतो. निरोगी माणसाला बहुधा काही होत नाही. म्हाताऱ्याला, आजाऱ्याला, विडी-सिगारेट ओढणाऱ्याला न्यूमोनिया होतो, आणि नेहमीची इंजेक्शनं त्याला लागू पडत नाहीत. मी इतकी वर्षं नोकरी केली, पण आमचं सगळं ध्यान पिण्याच्या पाण्यावर. ते उकळलं, फिल्टर लावला की सुटलो, असं मी समजत होते. आंघोळीनं माणूस मरू शकतो हे ऐकून माझा चहा हातातच गार झाला.

उपाय साधा होता. रिकाम्या खोल्यांचे नळ नेमानं सोडायचे. पण आमच्याकडे नळ नुसता सोडून ठेवणं म्हणजे गुन्हा. मुळशीचं धरण जवळ असलं तरी उन्हाळ्यात आम्ही टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतो. मी रजेवर होते त्या पहिल्या आठवड्यात बाईंनी नळ नुसते सोडले तेव्हा पेशंटचे नातेवाईक अंगावर धावून आले. एका म्हातारीनं तर त्यांना शिव्याशाप दिले. बाईंना ते पटलं. "बरोबर आहे तिचं," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून घरची धुणी आणायला लागल्या. स्वतःची संपली की शेजाऱ्यांची. पुण्याजवळ सूसला ज्या सोसायटीत राहायच्या तिथल्या बायकांचे पडदे आणि सतरंज्यासुद्धा त्यांच्या स्कूटरला मागे बांधून आमच्या हॉस्पिटलात यायच्या. रोज वेगळी खोली. एम. डी. झालेली बाई धुण्याचं बोचकं काखोटीला मारून जिना चढते आहे, हे दृश्य बघायला ओपीडीतली माणसं मुद्दाम जिन्याखाली थांबायची.

पर्समध्ये थर्मामीटर, लहान पान्हा आणि वेलदोडे. गच्चीवर पाण्याची टाकी बघायला जायच्या त्या टाकीमागे सिगारेट ओढूनच खाली यायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तोंडावर हात ठेवला. "अशी काय बघतेस? मला जंतूंतलं कळतं. शहाणपणाचा दाखला मी कुठं दिलाय?" म्हणाल्या, आणि खोकत खोकत जिना उतरल्या. तो खोकला कायमचाच. बाई कुठल्या मजल्यावर आहेत ते आम्ही खोकल्यावरून ओळखायचो.

कोमट या शब्दाचा त्यांना मनस्वी राग होता. आमच्या गच्चीवर सोलरच्या पाट्या आहेत आणि विश्वस्तांना त्यांचा फार अभिमान. पण मुळशीचा पावसाळा. सूर्य तोंड दाखवील तर शपथ. चार महिने नळाला नुसतं कोमट पाणी. पेशंट खूश असायचे, बाळाच्या आंघोळीसारखं पाणी येतंय म्हणायचे. बाई नळाखाली थर्मामीटर धरून दात-ओठ खायच्या. "माणसाला जे सुखाचं वाटतं, तेच त्या जंतूलाही वाटतं. पाणी एकतर हात चटकन मागे घ्यावा असं हवं, नाहीतर गार हवं. मधलं मला नको." शेवटी टाकीला वेगळा हीटर बसवून घेईपर्यंत त्यांनी विश्वस्तांची एक बैठक सुखानं होऊ दिली नाही.

आम्हा नर्सेसना शिकवायची त्यांची तऱ्हाही अशीच. जुन्या पाइपाचा एक कापलेला तुकडा आणला आणि म्हणाल्या, "एकेकीनं आत बोट घाला." घातलं. बोट बाहेर आलं ते शेवाळी, चिकट. एक सिस्टर तोंड दाबून बाहेर पळाली. "ही आपली भिंतीतली बाजू," बाई म्हणाल्या, "तुम्ही बाहेरच्या फरशा पुसता."

पण कहर केला तो माझ्या नणंदेच्या लग्नात. ऐन मे महिना, मंगल कार्यालय, आणि वऱ्हाडाला गारवा म्हणून मांडवात पाण्याचे तुषार उडवणारे मोठे पंखे लावलेले. म्हातारी माणसं त्यांच्यासमोर खुर्च्या ओढून डोळे मिटून बसली होती. बाई आल्या, हातात आहेराचं पाकीट. पंखा पाहिला आणि पाकीट माझ्या हातात कोंबून थेट भिंतीकडे गेल्या आणि वायरच उपटली. एक पंखा, दुसरा, तिसरा. मंगलाष्टकं चालू! वरपक्षाचे मामा लालेलाल होऊन आले. बाईंनी त्यांना विचारलं, "या टाकीतलं पाणी कधी बदललंय?" त्यांना कसं ठाऊक असणार? बाईंनी झाकण काढून त्यांचं डोकंच टाकीवर वाकवलं. मामा आत बघून सरळ झाले ते खुर्ची उचलून लांब जाऊन बसले. सासरच्यांनी मात्र मला पुढं वर्षभर ऐकवलं, की तुझ्या डॉक्टरणीनं आमचं लग्न घामानं भिजवलं.

आता सासरचं सांगायलाच हवं. आमचं हॉस्पिटल ट्रस्टचं, घोटावड्याच्या रस्त्याला. ते उभं आहे ती जमीन माझ्या चुलत सासऱ्यांची. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. त्यांनी ती ट्रस्टला तशीच देऊन टाकली. माझी नोकरीही त्या जमिनीतूनच उगवलेली, हे मला कुणी विसरू देत नाही. नानांनी बदल्यात काही मागितलं नव्हतं. पण इमारत झाली तेव्हा ट्रस्टनं जाहीर केलं, की वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली कायम नानांची. मानाची खोली. तिथं दुसरा पेशंट ठेवायचा नाही. सगळ्यात भारी फरशी तिथं, सगळ्यात मोठा शॉवर तिथं, पितळेच्या परातीएवढा. आणि नाना तर ठणठणीत. मग खोलीला कुलूप. दर सोमवारी उघडून लादी पुसायची, चादर बदलायची, पुन्हा कुलूप. लादी पुसायचं पाणीसुद्धा बाहेरून बादलीनं न्यायचं, नानांच्या नळाला हात लावायचा नाही. पाहुणे आले की त्यांना जेवणानंतर ती खोली दाखवायला आणायची आमच्या घरात पद्धतच पडली होती. बाथरूमच्या दारात उभं राहून शॉवर बघायचा आणि परत फिरायचं.

बाईंना या खोलीचा पत्ता लागल्यावर त्यांची झोप उडाली. किल्ली असायची नानांच्या थोरल्या मुलाकडे. आम्ही त्यांना दादा म्हणतो, ट्रस्टवरही तेच आहेत. बाई त्यांच्याकडे गेल्या तेव्हा मी सोबत होते.

"मॅडम, ती नानांची खोली हाय," दादा म्हणाले. "तितं कुनी पायबी धुत न्हाई."

"तीच तर तक्रार आहे माझी."

"आवो, मान हाय त्यो."

"नानांचा मान ठेवा. पाण्याचा ठेवू नका. हवं तर मी त्या खोलीचा पाइप मुळापासून कापून टाकते, मग शंभर वर्षं कुलूप ठेवा, माझं काही म्हणणं नाही."

"बिनपान्याची खोली? नानांना?" दादांचा चेहराच उतरला. "गाव त्वांडात श्यान घालंल आमच्या."

असं कितीदा झालं असेल. बाई हात जोडायच्या, भांडायच्या, ट्रस्टला पत्रं द्यायच्या. सगळे माना डोलवायचे आणि किल्ली दादांच्या खिशात. बाई मला म्हणायच्या, "कधीतरी त्या खोलीत माणूस जाणार गं. आणि जाईल तो म्हाताराच असेल."

नानांना बाई आवडायच्या हे त्यातलं विशेष. "पान्याची डाक्तरीन" म्हणायचे. "मला कुटं काय हुतंय? मी काय त्या खोलीत जात न्हाई जा," असं सांगून त्यांनाच धीर द्यायचे. आणि मग नानांना हर्निया झाला.

साधं ऑपरेशन. आदल्या दिवशी सकाळी भरती व्हायचं, आंघोळ करायची, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. बाई त्या दिवशी पाण्याचे नमुने बर्फाच्या डब्यात घालून पुण्याच्या लॅबमध्ये गेल्या होत्या. भरतीची तारीख दादांनी अचानक ठरवली, कुणी म्हणे दिवस चांगला होता. मी ड्यूटीवर आले तर वरच्या मजल्यावर हीऽ गर्दी! दाराला झेंडूचं तोरण, उंबऱ्यात रांगोळी, नारळ, पेढे. निम्मं गाव आलेलं. नाना नवं धोतर नेसून नवरदेवासारखे लाजत उभे. बंद खोली पेशंटला द्यायच्या आधी पाणी भरपूर सोडायचं आणि शॉवरचं तोंड बदलायचं, हा बाईंचा नियम. देखभालीचा माणूस पान्हा घेऊन आलाही होता. दादांनी त्याला दारातच अडवलं.

"नानांच्या आदी कुनी नळ उघडायचा न्हाई. पयलं पानी नानांच्या हातनं. ह्ये उद्घाटन हाय."

मी म्हणाले, "दादा, असं चालणार नाही. मॅडमनी सांगितलंय—"

"तू घरची हायस का हास्पिटलची?"

मी बाईंना फोन लावला. त्या फक्त इतकंच बोलल्या, "शॉवर सुरू होऊ देऊ नकोस. निघाले." मी बाथरूमच्या दारात दोन्ही हात पसरून उभी राहिले. सुनेनं भर गर्दीत थोरल्या दिरापुढे असं उभं राहायचं! बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी नानांच्या बायकोनं, माझ्या चुलत सासूनं, माझा दंड धरला आणि मला बाजूला केलं. "लाज हाय का न्हाई गं?" एवढंच म्हणाल्या. मी कशीबशी खिडकी उघडली. नारळ फुटला. नानांनी नळ फिरवला. आधी नळ खोकला, मग गढूळ तांबूस पाणी भस्सकन आलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग स्वच्छ, गरम, परातभर पाणी. "लई झ्याक!" नाना ओरडले. दार लोटलं गेलं, आणि नाना स्टुलावर बसून मनसोक्त आंघोळ करायला लागले. दाराच्या फटीतून वाफ बाहेर येत होती आणि बाहेर पेढे वाटले जात होते.

बाई आल्या त्या डोक्यावर हेल्मेटसकट. घाटातल्या गाड्यांतून स्कूटर कशी काढली कोण जाणे. कुणाशी बोलल्या नाहीत, कुणाकडे पाहिलं नाही, थेट बाथरूमचं दार ढकलून आत. आत आमचे नाना लंगोटीवर बसलेले! बाहेर बायकांनी "अगं बया!" म्हणून पदर तोंडाला लावले. बाईंनी नळ बंद केला, नानांना टॉवेलात गुंडाळलं आणि लहान पोराला काढावं तसं हाताला धरून बाहेर आणलं. नाना इतके चकित झाले होते, की निमूट आले. मग बाई परत आत गेल्या. वाफेत उभ्या राहून, मान वर करून, पान्ह्यानं ती परात सोडवायला लागल्या. आटे गंजलेले, सुटता सुटेना. साचलेलं पाणी त्यांच्या तोंडावर, चष्म्यावर ओघळत होतं. हेल्मेटची काच वर होती. मास्क नव्हता.

हे मी पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. पण सगळ्यांना दिसली ती म्हाताऱ्या माणसाच्या न्हाणीत शिरलेली बाई.

दादा पुढं झाले. "हिला आत्ताच्या आत्ता काडून टाका," म्हणाले. बाईंनी शॉवर पिशवीत बांधला आणि नानांसमोर जाऊन बसल्या. "नाना, ऑपरेशन थोडं पुढं ढकलू. तुम्हाला ताप येतोय का ते मला बघायचंय. आला नाही तर मी सगळ्या गावासमोर तुमची माफी मागेन आणि नोकरी सोडेन."

नानांनी टॉवेल खांद्यावर ओढून घेतला. मग दादांना म्हणाले, "थांबू की रं. आंग धुतल्यालं काय वाया जात न्हाई."

नानांना घरी वाड्यावर नेलं. बाईंना तिथं पाऊल टाकायची बंदी झाली, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ मी नानांचा ताप मोजायची आणि बाईंना फोन करायची. आठवडा सरायच्या आत ताप भरला. अंगात कापरं, जुलाब, आणि नाना भलतंच बोलायला लागले. मला त्यांची मेलेली बहीण समजून हाक मारली. पूर्वी मी याला साधा फ्लू म्हटलं असतं. बाई फोनवर म्हणाल्या, "घेऊन ये, आत्ता." फिजिशियन नेहमीचं इंजेक्शन लिहीत होते, त्यांच्या हातून पेन काढून घेऊन बाईंनी दुसरं औषध लिहायला लावलं. मग तपासणी झाली. लेजिओनेलाच. शॉवरच्या पाण्यातही तोच निघाला. त्या दिवशी दादा हॉस्पिटलच्या पायरीवर डोकं धरून बसले होते. त्यांच्याजवळ जायचं धाडस कुणाला झालं नाही.

नाना वाचले. हळूहळू, पण वाचले. तोवर बाईंनी मानाच्या खोलीचा पाइप भिंत फोडून बदलून घेतला, सगळ्या इमारतीत चटके बसतील असं पाणी फिरवलं, क्लोरिन घातलं, पुन्हा नमुने दिले. दिवसभर उभ्या असायच्या, खोकायच्या. तो खोकला तर कायमचाच. आमच्यातल्या एकाला, एवढे डॉक्टर, एवढ्या नर्सेस, एकालाही वाटलं नाही, की आज हा खोकला वेगळा आहे. आणि जिला साऱ्या गावाच्या श्वासाची काळजी, तिला स्वतःच्या छातीत काय शिरलंय ते समजलं नसेल? का समजूनही आधी पाइप संपवायचा होता? मला अजून उलगडत नाही. याचा मला त्यांच्यावर राग येतो. खरंच येतो.

एके दिवशी त्या आल्या नाहीत. फोन वाजून बंद व्हायचा. सोसायटीच्या वॉचमननं दार उघडवलं तेव्हा त्या पलंगाजवळ खाली पडल्या होत्या. आमच्याकडेच आणलं. मी त्यांच्यावर ड्यूटी लावून घेतली. ओठ निळे, श्वास भात्यासारखा, औषध योग्य तेच चालू, पण फार उशीर झालेला. दुपारी कधीतरी त्यांनी डोळे उघडले. ऑक्सिजनची नळी ज्या पाण्याच्या बाटलीतून येते, ती बुडबुडे सोडत होती. बाई तिच्याकडे टक लावून बघत राहिल्या आणि मास्क बाजूला सारून म्हणाल्या, "यात पाणी कुठलं घातलंय?"

"निर्जंतुक बाटलीतलं, मॅडम. सील मी फोडलं."

"दाखव."

मी रिकामी बाटली आणून त्यांच्या डोळ्यांपुढे धरली. त्यांनी लेबल वाचलं. खरंच वाचलं, ओठ हलले. मग मान हलवली आणि मास्क परत लावून घेतला. त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या.

माणूस जातं हे मला नवं नाही. पण मी त्या दिवशी बधिर झाले होते. नळ सुटल्याचा आवाज आला की दचकायचे.

शोकसभा हॉस्पिटलच्या खालच्या हॉलमध्ये ठेवली. सगळा स्टाफ, विश्वस्त, गाव. नाना चाकाच्या खुर्चीत बसून आले होते. फोटोला मोगऱ्याचा हार. दादा बोलायला उठले आणि आधी त्यांनी फोटोपुढे डोकं टेकलं. ते नाटक नव्हतं. माणूस आतून मोडला होता.

"मॅडमनी आमच्या नानांना परत आनलं आन सोता गेल्या," ते म्हणाले. "ह्यो उपकार फिटायचा न्हाई. म्हून आमी घरच्यांनी ठरवलंय. वरची मानाची खोली आजपास्नं मॅडमच्या नावानं. भायेर त्यंचा फोटू लागंल. आन आत कुनीबी पेशंट ठिवायचा न्हाई. कुनी पानी वापरायचं न्हाई. कुलूप लावून, हाय तशी जपायची. कायमची."

टाळ्या झाल्या. मेट्रन टाळ्या वाजवत होत्या. फिजिशियन वाजवत होते. पाइपात बोट घालून पळालेली ती सिस्टर डोळे पुसत पुसत वाजवत होती. मी सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होते. एकाच्याही चेहऱ्यावर शंका नव्हती. समोर एका ताटात हळद-कुंकू लावलेलं नवं कोरं कुलूप ठेवलेलं होतं.

मी कधी उभी राहिले ते मला ठाऊक नाही. सासरच्या माणसांपुढे मी कधी मोठ्यानं बोललेले नाही. पण तो आवाज माझाच होता. "अहो दादा, एकदा मारलंत ना त्यांना! आता परत मारताय?"

चुलत सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मग खाली जमिनीकडे. मला वाटलं, नोकरी गेली, घरही गेलं. पण मी बसले नाही.

नानांनी खुर्ची पुढं ढकलायला सांगितली. ताटातलं कुलूप उचललं, हातात तोललं आणि मांडीखाली सरकवून त्यावरच बसले. मग मेट्रनना विचारलं, "भायेर खाटंबिगर कोन हाय का?"

"आहे, नाना. मुळशीकडची एक मावशी आहे, मासे विकते. हात मोडलाय. बेड नाही म्हणून सकाळपासून बाकावर बसवलंय."

"मंग हितं समदी काय बघताय माझ्याकडं? न्या तिला वर."

मीच नेलं. मावशी दारात थबकली, चकचकीत फरशीवर पाय ठेवीना. चिखलानं भरलेले पाय, गळ्यात बांधलेला हात. मी तिला बाथरूम दाखवलं. ती आत गेली, आणि बराच वेळ काहीच आवाज येईना. मग आतून तिनं दबक्या सुरात विचारलं, "बाय, ह्यो नळ सोडू का? का कुनाचा राखून ठिवलाय?"

"सोडा, मावशी," मी म्हणाले. "कुणाचा नाही. चांगला मोठा सोडा."

पाण्याचा आवाज आला, आणि बाई गेल्यापासून पहिल्यांदाच मी भिंतीला टेकून ढसाढसा रडले.